अंगावर काढलेले ताप

इस्पितळाच्या मागच्या अंगाला, नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर धुलाईघर होतं. दोन भट्ट्या, तीन दगडी हौद, हाताने फिरवायचं एक पिळणयंत्र आणि अंगणात ताणलेल्या चौदा दोऱ्या. तिथे सव्वीस वर्षं काम करणाऱ्या बाईला सगळे निळाबाई म्हणत. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तो कारकुनाशिवाय कोणी उघडत नसे. शेवटच्या पाण्यात नीळ घालायचं काम ती दुसऱ्या कोणाला करू देत नसे. "ढगाळ दिवसाला एक चिमूट कमी, उन्हाला एक चिमूट जास्त, हे काय पुस्तकात लिहिलंय?" असं म्हणायची. त्यामुळे तिची नखं कायम निळसर. नव्याने लागलेल्या नर्सा पहिल्या दिवशी तिचे हात बघून दचकत, बाईला आधी खाटेवर घ्यावं की काय म्हणून.

चादरीवरून तिला आजार कळायचा. पोट बिघडलेल्याची चादर, शस्त्रक्रियेची, बाळंतिणीची, सगळ्यांची तिला ओळख होती. पण हिवतापाची चादर निराळीच. रोगी आधी थंडीने दात वाजवतो, मग भाजून निघतो आणि शेवटी घामाने न्हातो. ती चादर नुसती ओली नसे, जड असे. पाऊस सरून नदीकाठच्या दलदलीत पाणी साचलं की अशा चादरींचे ढीग येत, आणि त्यातले निम्म्याहून जास्त मुलांच्या वॉर्डातले.

त्या भागात ताप पाचवीलाच पुजलेला. रांगायला लागलेलं मूल तापाने फणफणायचं, उठायचं, पुन्हा पडायचं. त्यांची पोटं डाव्या बरगडीखाली टणक लागत. पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजलीय, असं म्हातारी माणसं म्हणत. यातून जी मुलं तगून मोठी होत, त्यांना पुढे ताप फारसा शिवत नसे. तसं का, हे कोणी विचारत नसे. निळाबाईला शेवटचा ताप कधी आला होता हे तिला आठवतही नव्हतं.

तिला तीन मुलं झाली होती. थोरला अडीच वर्षांचा असताना तापात गेला, धाकटा अकरा महिन्यांचा. राहिली ती मधली. घरात ती एकुलती एक, तरी हाक 'मधली' अशीच. एखादी नवी शेजारीण विचारायची, "मधली? मग थोरली कुठे असते?" त्यावर निळाबाई दोऱ्यांवरच्या चादरी बघायला म्हणून उठून जायची. मधली आता मोठी होऊन, लग्न करून, डोंगरमाथ्यावरच्या थंड शहरात राहत होती आणि तयार कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्र चालवत होती. इथे घरात निळाबाई आणि तिचा नवरा, दोघंच. नवरा नावा दुरुस्त करणारा सुतार. दिवसाकाठी दहा वाक्यं बोलला तर त्याला खोकला लागला असता.

त्या वर्षी इस्पितळात एक डॉक्टरीणबाई आल्या. रोगी तपासायला नाही, रक्त तपासायला. जिना चढताना धापा टाकणाऱ्या, केसांत पेन्सिल खोचून ती टेबलावर शोधत बसणाऱ्या. त्यांनी माळ्यापासून मुख्य परिचारिकेपर्यंत झाडून सगळ्यांची बोटं टोचली आणि प्रत्येकाच्या रक्ताचा थेंब काचेवर घेतला. निळाबाईनेही बोट पुढे केलं आणि विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतला तपासनीस धुलाईघराच्या दारात उभा राहिला. हा गृहस्थ गेली दहा वर्षं सूक्ष्मदर्शकावर वाकून वाकून मानेने थोडा पुढे आलेला. बोलण्याची हौस मात्र शाबूत.

"मावशी, तुम्हाला ताप आहे का?"

"ताप? सकाळपासून साठ चादरी काढल्यात. मला असता तर चादरींना चढला असता."

"थंडी? डोकं दुखतंय?"

"तुम्ही असेच उन्हात दार अडवून उभे राहिलात तर दुखेल."

तपासनीसाने काचेवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असतील असं धरून तिचं बोट पुन्हा टोचलं. तासाभराने तो परत आला तो डॉक्टरीणबाईंचा निरोप घेऊनच. हात पुसत ती वर गेली. काहीतरी फुटलंय नाहीतर हरवलंय आणि आपल्यावर शेकणार, एवढंच तिच्या मनात.

डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "बाई, तुमच्या रक्तात हिवतापाचे परजीवी आहेत. फार नाहीत, पण आहेत."

"मग मी पडले कशी नाही?"

"तेच तर मला तुमच्याकडून शिकायचंय."

असं तिला आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं. तिने नीट बसून घेतलं. तपासनीसाने सूक्ष्मदर्शक तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला. आधी तिला स्वतःच्याच पापण्या दिसल्या, मग धूसर गुलाबी, मग एकदम स्वच्छ. गोल गोल तांबड्या पेशी, उन्हात वाळत घातलेल्या बटणांसारख्या. एका पेशीत एक बारीक जांभळी अंगठी बसलेली.

"तो," तपासनीस म्हणाला. "दुसऱ्याच्या घरात शिरून बसलाय. आता थोडं डावीकडे बघा."

डावीकडे एक मोठी पांढरी पेशी होती. तिच्या पोटात काळपट तपकिरी दाणे.

"हा डाग कसला?" डाग म्हटल्यावर निळाबाईचं लक्ष तिथे जाणारच.

"तुमच्या या पेशीने परजीवी गिळलेत. ते पचले, पण त्यांच्यातला तो काळा रंग तिला पचत नाही. तो राहतो."

डॉक्टरीणबाईंनी मग सावकाश सगळं सांगितलं. डासाने सोडलेला परजीवी आधी यकृतात मुक्काम करतो, मग रक्तात उतरतो. तांबड्या पेशीत घुसतो, आतल्या आत वाढतो, आणि दोन दिवसांनी ती पेशी फोडून पंधरा-वीस नवे बाहेर पडतात. रोग्याला हुडहुडी भरते ती त्याच वेळी. बाहेर पडलेल्या प्रत्येकाला लगेच दुसरी पेशी गाठायची असते.

"पेशीच्या आत असताना त्याला धरणं अवघड," त्या म्हणाल्या. "पण बाहेर पडून दुसऱ्या घरात शिरेपर्यंत काही क्षण तो उघड्यावर असतो. तुमच्या रक्तात त्याला त्या वेळी चिकटणारं काहीतरी आहे. त्याला आम्ही प्रतिपिंडं म्हणतो. ती चिकटली की त्याला नव्या पेशीत नीट शिरता येत नाही, आणि पांढऱ्या पेशींना तो ओळखू येतो, गिळता येतो. जे यातूनही सुटतात, त्यांनी बिघडवलेल्या तांबड्या पेशी पानथरी गाळून काढते."

"मग हे उरलेत ते?"

"ते राहतात थोडे. पूर्ण साफ होत नाहीत. पण तुम्हाला पाडण्याइतके वाढतही नाहीत."

निळाबाईने विचार केला. "म्हणजे सासू-सुनेसारखं. भांडण रोज, पण घर मोडत नाही."

डॉक्टरीणबाई इतक्या मोठ्याने हसल्या की केसांतली पेन्सिल खाली पडली. मग गंभीर होऊन त्यांनी आपलं काम सांगितलं. निळाबाईसारख्या बारा मोठ्या माणसांचं थोडं थोडं रक्त घ्यायचं, त्यातून परजीवी, पेशी, सगळं बाजूला काढून फक्त हे प्रतिपिंडांचं पाणी वेगळं करायचं, आणि ताप आलेल्या सहा मुलांना ते टोचायचं. फार अत्यवस्थ मुलं घ्यायची नाहीत. आईबापांना विचारूनच. औषध भरलेली सुई शेजारी तयार ठेवायची, मूल जरा जरी घसरलं तरी लगेच द्यायची.

"द्याल का तुमचं रक्त?"

निळाबाईने उलट विचारलं, "हे माझ्या अंगात आलं कुठून?"

"तापांतूनच. लहानपणापासून तुम्ही जे ताप अंगावर काढलेत, त्या प्रत्येकातून शरीर काहीतरी शिकलं. हा परजीवी वरचं रूप सारखं बदलतो, म्हणून एका तापात भागत नाही. वर्षं जातात."

"माझ्याकडे होतं," निळाबाई हळू म्हणाली, "तर माझ्या मुलांना का नाही मिळालं?"

तपासनीस काचा आवरायचा थांबला. डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. किती मुलं, कोणत्या वयात गेली, हे विचारलं. निळाबाईने महिन्यांसकट सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "पहिले पाच-सहा महिने कशी होती दोघं?"

"गुटगुटीत. थोरल्याला तर एका हाताने उचलायची सोय नव्हती. शेजारच्या घरात दोघं तापाने पडली तेव्हा हा खिदळत होता."

"मग मिळालं होतं त्यांना. पोटात असताना वारेतून तुमची प्रतिपिंडं त्यांच्यात गेली होती. त्या पहिल्या महिन्यांत मूल टिकतं त्याला आणखीही कारणं असतील, सगळं आम्हालाही ठाऊक नाही. पण तुमचा वाटा त्यात होता. फक्त ते जन्माला पुरत नाही. विरत जातं. मग प्रत्येक मुलाला स्वतःचं कमवावं लागतं, आणि ते कमवून होईपर्यंतचे दिवस फार वाईट असतात."

निळाबाई उठली, "बघते" म्हणाली आणि जिना उतरली. त्या दुपारी हौदातल्या चादरी किती वेळा खंगाळल्या याचं तिला भान नव्हतं.

संध्याकाळी अंगणात नवरा एका फळीला रंधा मारत होता. तिने त्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो रंधा मारतच राहिला. सांगून झालं तेव्हा थांबला. फळीवरचा भुसा हाताने झाडला.

"म्हणजे तुझ्या दुधात खोट नव्हती," तो म्हणाला.

धाकटा गेला तेव्हा त्याच्या आईने हे म्हटलं होतं. चार बायकांच्या देखत. सोडा आणि निळीत बुडालेल्या बाईचं दूध नासकं, त्याने पोरं जगत नाहीत. त्या दिवशीही तो शेजारीच बसला होता आणि गप्प होता. निळाबाईने ते वाक्य बावीस वर्षं गिळून ठेवलं होतं. आपण विसरलो असं तिला वाटत होतं.

"मी तेव्हाच बोलायला हवं होतं," तो म्हणाला. "माझ्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं कोण जाणे."

ती उठली. आत जाऊन चूल पेटवली. पण जेवताना तिने त्याला आपणहून दोनदा वाढलं, आणि तो नको नको म्हणत दोन्ही वेळा जेवला.

तिसऱ्या दिवशी ती वर गेली आणि बाही सरकवून बसली. "घ्या. पण कोणत्या मुलाला देणार ते मला सांगू नका. उगाच जीव टांगणीला."

पण ज्या बाईच्या हातून सगळ्या इस्पितळाच्या चादरी जातात तिच्यापासून लपणार काय? मुलांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर तीन वर्षांची एक मुलगी होती, होडीवाल्याची. तिची आई तिचा झगा धुवायला धुलाईघराच्या नळावर यायची. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "आमच्या पोरीला नव्या तऱ्हेचं टोचलंय. कोणाकोणाच्या रक्तातलं काढलेलं. पिवळसर पाणी होतं नुसतं." निळाबाईने तिला साबणाचा तुकडा दिला आणि तोंड फिरवलं.

तपासनीसाला तर गप्प बसणं माहीतच नव्हतं. रोज दुपारी एप्रन टाकायच्या निमित्ताने यायचा आणि भिंतीला सांगितल्यासारखं सांगायचा. पहिल्या दिवशी म्हणाला, "काहीच फरक नाही. होते तेवढेच आहेत."

त्या दिवशी निळाबाईने एका हौदात दोनदा नीळ घातली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. चाळीस अभ्रे आभाळासारखे निळे झाले, आणि मुख्य परिचारिकेने हे काय म्हणून विचारलं तेव्हा तिने बेधडक ठोकून दिलं, "नवी पद्धत आहे."

दुसऱ्या दिवशी आकडा थोडा उतरला. तपासनीस म्हणाला, "डॉक्टरीणबाई म्हणतात असंच व्हायला हवं. जे पेशींच्या आत होते त्यांना आधी फुटून बाहेर यावं लागणार. आत आहेत तोवर या पाण्याचा त्यांच्यावर जोर चालत नाही. दाराबाहेर पडले की मात्र धरले जातात."

तिसऱ्या दिवशी आकडा कोसळला. चौथ्या दिवशी त्या मुलीच्या रक्तात, आधी जिथे शंभर दिसत होते तिथे एखादाच दिसत होता. सहापैकी एका मुलाला मात्र उतार पडला नाही. त्याला दुसऱ्याच दिवशी औषध द्यावं लागलं, आणि तोही सुधारला. हे तपासनीसाने हात न राखता सांगितलं. तोंडाळ असला तरी माणूस खरा होता.

पाचव्या सकाळी खिडकीजवळच्या खाटेची चादर आली ती कोरडी, हलकी, आणि मधोमध सांडलेल्या दुधाचा भलामोठा डाग. निळाबाई ती हातात घेऊन हौदाच्या कठड्यावर बसली. भट्टीवरची बाई म्हणाली, "काय गं, निघत नाही का?"

"निघेल की. दुधाचाच तर आहे."

पुढे डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या तेव्हा निळाबाईने सरळ विचारलं, "मग आता हे बाटल्यांत भरून ठेवा ना. आमच्यासारखी माणसं इथे पैशाला पासरी आहेत."

"एका मुलासाठी कितीतरी जणांचं रक्त लागतं, बाई. आणि तेही टिकत नाही. महिन्या-दोन महिन्यांत विरून जाईल, त्या मुलीला पुन्हा ताप येऊ शकतो. हे औषध नव्हे. रक्तात ही ताकद आहे एवढंच यातून कळलं. कधीतरी कोणी लस करेल तेव्हा उपयोगी पडेल."

"कधीतरी म्हणजे?"

"मला माहीत नाही."

"आणि तोवर?"

"तोवर मच्छरदाणी, वेळेवर तपासणी आणि औषध."

निळाबाई थोडी हिरमुसली. एवढं सगळं करून शेवटी मच्छरदाणीच. पण बाईंनी खोटी आशा लावली नाही, हेही तिने मनात नोंदवलं.

दोन महिन्यांनी मधली आली. पाचवा महिना लागलेला. नवऱ्याला कंपनीने वर्षभरासाठी लांबच्या कामावर पाठवलं होतं, म्हणून बाळंतपण उरकेपर्यंत ती आईकडे राहणार होती. बसमधून उतरली ती थंड हवेतली तुकतुकीत कांती घेऊन. पहिल्याच संध्याकाळी मच्छरदाणी वर गुंडाळून म्हणाली, "अगं आई, यात गुदमरायला होतं. आणि मला काय होणार? मी इथलंच पाणी प्यालेली. लहानपणी किती ताप काढले, मोजलेस का?"

आधीची निळाबाई असती तर तिने मान डोलावली असती. तिलाही आजवर तसंच वाटत होतं. पण आता मनात शंकेची पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी चादरींची गाडी व्हरांड्यातच सोडून ती वर गेली.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि कपाळाला आठी घातली. "किती वर्षं झाली तिला इथून जाऊन?"

"सहा."

"तिथे डास?"

"नावाला नाहीत."

"मग तिचं कमावलेलं बरंचसं ओसरलं असणार. पुन्हा पुन्हा गाठ पडली तरच शरीर तयारीत राहतं. आणि त्यातून पहिलंच बाळंतपण. पोटुशीच्या वारेत दडून बसणारे परजीवी निराळंच रूप घेतात. ते रूप तिच्या शरीराने कधी पाहिलेलंच नाही. तुमच्यापेक्षा तिला कितीतरी जास्त धोका आहे."

निळाबाई गोळ्या घेऊन घरी आली. मधलीला समोर बसवून म्हणाली, "हे बघ, फौजेला सहा वर्षं काम नव्हतं. शिपाई आपापल्या घरी गेलेत. आता लढाई आली तर हाका मारून गोळा होईपर्यंत उशीर होईल."

"कसली फौज? आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"गोळी घे."

मधलीने पहिली घेतली. मळमळलं. दुसरी घेतल्याचं सांगितलं. तिसरी, चौथीही घेतल्याचं सांगितलं. आईच्या डोळ्यांत धूळ फेकणं तिला लहानपणीही जमलं नव्हतं, पण निळाबाई दिवसभर कामावर.

एका दुपारी शेजारीण धावत धुलाईघरात आली. मधली अंगणात बसून थरथरत होती. उन्हात, दोन घोंगड्या पांघरून. निळाबाई घरी पोचली तेव्हा पोरीचे दात वाजत होते आणि ओठ पांढरे पडले होते. तिच्या शिवणाच्या सुया ठेवायच्या डबीत तीन गोळ्या तशाच होत्या. निळाबाईने डबी बंद केली. चादरी वाहायची हातगाडी तिने येतानाच ओढत आणली होती. तीत गोधडी पसरली, मधलीला बसवलं आणि नवऱ्याला नदीवरून बोलावलं. एक पुढून, एक मागून, दोघांनी गाडी चढावरून इस्पितळात नेली. वाटेत मधली रडत म्हणत होती, "आई, मला वाटलं नाही गं."

"मलाही पूर्वी वाटलं नसतं. बोलू नको."

तपासनीसाने काच पाहिली आणि त्या दिवशी तो पहिल्यांदा काहीच बोलला नाही. डॉक्टरीणबाईंच्या कानाशी आकडा सांगून बाजूला झाला. मधलीच्या अंगातलं रक्तही बरंच कमी झालं होतं. सुया चालू झाल्या. पुढचे तीन दिवस निळाबाई काम करत राहिली, कारण नुसतं बसून राहिली असती तर वेडी झाली असती. मधलीच्या खाटेवरच्या चादरी येत. जड, घामाने थबथबलेल्या. त्या ती दुसऱ्या कोणाला धुऊ देत नव्हती. चौथ्या दिवशी ताप उतरला. डॉक्टरीणबाईंनी पोटाला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि ती निळाबाईच्या कानात दिली. घोडा दुडदुडावा तसा आवाज. निळाबाईने डोळे मिटून घेतले.

बाळ तीन आठवडे आधी आलं. मुलगी, दोन किलोंहूनही थोडी कमी, पण रडण्यात कमी नाही. डॉक्टरीणबाईंनी वार उजेडात धरून पाहिली. ती लाल असायची, तिच्यावर काळपट झाक होती. त्यांनी ती निळाबाईला दाखवली. "बघा, इथे लढाई झाली. वेळेवर आणलंत म्हणून पोर हाती लागली."

गेलेल्या दोघांची नावं घेऊन निळाबाईला तेव्हाही रडता आलं नाही. पण मधलीने त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, "आई, थोरला दिसायला कसा होता?" आणि निळाबाई उठून गेली नाही. तिने सांगितलं. कान कसे होते, हसताना एकच खळी कशी पडायची, आणि धाकटा कसा सगळ्यांकडे जायचा. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "धाकट्याचे केस कुरळे होते." तेवढंच. पण बरोबर होतं.

पुढचे महिने निळाबाईने भिंतीवर खडूने रेघा ओढल्या. चौथ्या महिन्यापर्यंत ती निर्धास्त होती, पाचव्यात सावध, सहावा लागला तेव्हा मधलीने गादीखाली खोचलेलं मच्छरदाणीचं टोक ती रोज स्वतः तपासू लागली. मधली आता मच्छरदाणीला हसत नव्हती. तिने तर वॉर्डासाठी जाळीचं कापड आणून सगळ्या खाटांना मच्छरदाण्या शिवून दिल्या, दुहेरी टाक्याच्या. मुलांना घरी नेणाऱ्या आयांना निळाबाई चादर काढता काढता सांगू लागली, "तुझ्याकडून पोराला पोटात मिळालंय ते पुरतं सहा महिने. पुढे डोळ्यांत तेल घालून राहायचं. अंग तापलं की अंगावर काढायचं नाही, इकडे आणायचं." कोणी म्हणायची, ही काय डॉक्टर लागून गेली? कोणी ऐकायची.

बाळ सात महिन्यांचं झालं आणि जावई परतला. मधलीने जायचं म्हटलं, पण बिचकत. आईला एकटं टाकून, नात तोडून नेतेय असं तिला वाटत होतं. निळाबाईच म्हणाली, "जा. लवकर जा. पाऊस सरायच्या आत."

"पण आई, ती तिथे वाढली तर तुझ्यासारखं रक्त तिला कधीच येणार नाही. इथे आली की दर वेळी गोळ्या, दर वेळी भीती. आजोळ परक्यासारखंच राहील तिला."

"नको यायला तसं रक्त. ते कसं येतं ते मला माहीत आहे."

डॉक्टरीणबाईंचं काम संपून त्याही त्याच आठवड्यात गेल्या. निळाबाईने त्यांच्या दोन पांढऱ्या एप्रनांना इतकी कडक खळ केली होती की ते म्हणे पेटीत उभेच राहिले.

मधली निघाली त्या सकाळी सुताराने नातीसाठी केलेला पाळणा काही केल्या बसच्या दारातून आत जाईना. शेवटी तो टपावर चढवला. कंडक्टरने दोरी बांधली. सुताराला ती गाठ पसंत पडली नाही. त्याने वर चढून ती सोडली, नावेची गाठ मारली, खाली उतरला, पुन्हा वर बघितलं. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. खिडकीतून मधलीने बाळाचा हात धरून हलवला, तेव्हा निळाबाईनेही हात हलवला. बस वळणावर गेली तरी सुतार तिकडेच बघत होता.

"गाठ सुटणार नाही ना हो?" निळाबाईने विचारलं.

"नाही सुटायची," तो म्हणाला. मग दोघं बोलत बोलत इस्पितळाच्या रस्त्याला लागली. बोलत बहुतेक तोच होता.